योसेमिटी सॅम आणि आपला धंदा : दोन पिस्तुलं असूनही हा माणूस दरवेळी का हरतो?



मागच्या व्हिडिओत मी बोलता बोलता एका कार्टूनचं नाव घेतलं, योसेमिटी सॅम, आणि वेळ संपली म्हणून विषय तिथंच सोडला. त्यानंतर खूप जणांनी विचारलं की सर, हा सॅम कोण आणि त्याचा धंद्याशी काय संबंध? व्हिडिओत मावलं नाही ते इथे सविस्तर लिहितोय. चहा घेऊन बसा, थोडं मोठं आहे. आणि मधे माझी स्वतःची एक गोष्ट आहे, जी मी कॅमेऱ्यासमोर अजून एकदाही सांगितलेली नाही.

आधी ओळख करून देतो. १९९५ साली आपल्याकडे कार्टून नेटवर्क सुरू झालं, तेव्हा मी शाळेत होतो. रात्री त्याच चॅनेलवर जुने इंग्रजी सिनेमे लागायचे, म्हणून दिवस मावळायच्या आत जेवढं बघता येईल तेवढं बघून घ्यायचं. त्यात बग्ज बनी नावाचा ससा होता, गाजर खाणारा, कधीच न घाबरणारा. आणि त्याच्या मागे लागलेला हा बुटका डाकू. डोक्यावर त्याच्यापेक्षा मोठी टोपी, लालभडक मिशा जवळजवळ जमिनीला टेकणाऱ्या, दोन्ही हातांत पिस्तुलं, आणि तोंडाचा पट्टा सतत चालू. अमेरिकेच्या पश्चिम भागातले घोडेस्वार, दरोडेखोर, बंदूकबाज यांच्यावर तिकडे ढिगानं सिनेमे निघाले. त्या सगळ्या दरोडेखोरांची एकत्र टिंगल म्हणजे सॅम. योसेमिटी हे कॅलिफोर्नियातल्या एका प्रसिद्ध राष्ट्रीय उद्यानाचं नाव.

सॅमला पडद्यावर आणलं फ्रिझ फ्रेलेंग या दिग्दर्शकानं, १९४५ साली, वॉर्नर ब्रदर्सच्या 'हेअर ट्रिगर' या छोट्या फिल्ममध्ये. त्याच्या आधी सशाच्या मागे असायचा एल्मर फड नावाचा गरीब बिचारा शिकारी. फ्रेलेंगला वाटायचं की याला हरवण्यात सशाचं काय कौतुक? समोर कुणीतरी दांडगा पाहिजे. म्हणून हा पिस्तूलवाला आला. फ्रेलेंग स्वतः बुटका आणि तापट, त्यामुळे सॅम त्याच्यावरच बेतलाय असं त्याचे सहकारी चेष्टेनं म्हणत. आणि गंमत बघा, ससा आणि सॅम या दोघांचाही आवाज एकाच माणसाचा, मेल ब्लँक याचा. सशाचा आवाज तो सहज काढायचा. सॅमच्या ओरडण्याचा मात्र त्याच्या घशाला भयंकर ताण यायचा.

आता तुम्ही म्हणाल, हरणारा खलनायकच पाहिजे होता तर डिक डॅस्टर्डली का नाही घेतला? बरोबर आहे. १९६८ च्या 'वॅकी रेसेस' या मालिकेत अकरा गाड्यांची शर्यत असते आणि त्यात हा डॅस्टर्डली आपल्या कुत्र्याबरोबर शून्य-शून्य नंबरच्या गाडीत बसतो. कितीदा तरी तो सगळ्यांच्या पुढे असतो, आणि मग थांबतो. का? तर मागून येणाऱ्यांसाठी सापळा लावायला. त्या सापळ्यात तो स्वतःच अडकतो. एकूण चौतीस शर्यती, एकही जिंकला नाही. उदाहरण झकास आहे. पण मी ते वर्गात वापरून बघितलंय आणि ते लागू पडत नाही. कारण डॅस्टर्डली लबाड आहे, आणि समोर बसलेल्यांपैकी कुणीच स्वतःला लबाड समजत नाही. सगळे हसतात, शेजारच्या दुकानदाराकडे बोट दाखवतात आणि घरी जातात.

सॅम तसा नाही. तो दरोडेखोर असला तरी सरळ माणूस आहे. जे मनात ते तोंडावर. मेहनतीला मागे नाही, धाडस आहे, हत्यारं आहेत, पडला की पुन्हा उठतो. या सगळ्या गोष्टी आम्ही ट्रेनर मंडळी तुम्हाला स्टेजवरून शिकवतो. सॅमकडे त्या सगळ्या आहेत, आणि तरी तो हरतो. म्हणून तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

डोक्यावरून गेलेली गाडी

'हेअर ट्रिगर'मध्ये सॅम रेल्वे लुटायला येतो. रुळांवर पाय रोवून उभा राहतो, पिस्तुलं रोखतो, गाडी थांबवायला निघतो. आणि गाडी त्याच्या डोक्यावरून निघून जाते! म्हणजे खरोखरच डोक्यावरून. हा इतका बुटका की पूर्ण गाडी वरून गेली आणि याला धक्कासुद्धा लागला नाही. मग घोड्याला हाक मारतो, तर घोड्यावर चढायला चाकांचा जिना लागतो.

मला हा प्रसंग आठवतो तो व्हिजिटिंग कार्डं बघताना. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या तीन-चार जणांकडे कार्ड तयार असतं, लोगो असतो, नावाखाली 'फाउंडर अँड सीईओ' असतं. पहिलं बिल मात्र अजून फाटलेलं नसतं. मी यांची चेष्टा करत नाही. सॅमची टोपी आणि मिशा मला मनापासून आवडतात. ऐंशी वर्षांपूर्वीचं पात्र आजही नुसत्या सावलीवरून ओळखू येतं, याला म्हणतात ब्रँडिंग. तुमच्या लोणच्याच्या बरणीला, तुमच्या टेम्पोला असं काहीतरी ओळखू येणारं असलंच पाहिजे. पण ही टोपी कुणासाठी घातलीय ते एकदा तपासा. सॅमनं गर्जना केली ती गाडीच्या ड्रायव्हरला ऐकूसुद्धा गेली नाही. तुमची जाहिरात गिऱ्हाइकाच्या उंचीला पोचतेय, की डोक्यावरून गाडी जातेय?

असो. हा मुद्दा छोटा आहे. मोठा पुढे आहे.

रेघ

१९४८ ची फिल्म, 'बग्ज बनी राइड्स अगेन'. ससा आणि सॅम समोरासमोर. ससा जमिनीवर एक रेघ ओढतो आणि म्हणतो, हिंमत असेल तर ही ओलांडून दाखव. सॅम ओलांडतो. ससा मागे सरकून दुसरी ओढतो. सॅम तीही ओलांडतो. तिसरी, चौथी. प्रत्येक वेळी सॅमची छाती आणखी फुगलेली, कारण प्रत्येक वेळी तो 'जिंकलेला' असतो. आणि शेवटच्या रेघेपलीकडे जमीनच नसते. कडा असतो.

सॅमला कुणी ढकललं नाही. तो स्वतःच्या पायांनी चालत गेला.

आता माझी गोष्ट. २००८ साली मी तालुक्याच्या गावी कॉलेजच्या रस्त्यावर झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान टाकलं. पतसंस्थेचं एक लाख दहा हजार कर्ज काढून सेकंड हँड मशीन घेतलं. दर होता कॉपीला १ रुपया, सगळीकडे तोच. रोजच्या साधारण हजार कॉपी व्हायच्या.

हिशोब तेव्हा केला नव्हता, नंतर केला. तो आता तुमच्यासमोर मांडतो, कारण हा तुम्हाला तुमच्या धंद्यात करायचाय. एका कॉपीला कागद २६ पैसे, टोनर ९ पैसे, ड्रम आणि सर्व्हिसिंग ८ पैसे, लाइट आणि वाया जाणारी पानं मिळून ३ पैसे. झाले ४६ पैसे. म्हणजे एका कॉपीमागे हातात राहायचे ५४ पैसे. यातून दर महिन्याला भागवायचं काय? गाळ्याचं भाडं ३,५००, कामाला असलेल्या पोराचा पगार २,५००, कर्जाचा हप्ता ३,४००. एकूण ९,४००. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर रोज साधारण ७०० कॉपी निघाल्या की खर्च निघाला. मी हजार काढत होतो. वर टायपिंगचे पैसे. फार श्रीमंत नाही, पण दुकान नीट चाललं होतं.

पुढच्या जूनमध्ये समोरच्या बाजूला दुसरं दुकान उघडलं. स्टेशनरी, बाइंडिंग आणि झेरॉक्स. बाहेर पाटी : झेरॉक्स ७५ पैसे.

माझं डोकं फिरलं. संध्याकाळी मित्र दुकानात बसायचे, त्यांनी आणखी हवा दिली. "अरे, तू जुना, तो नवा, त्याला दाखवून दे." दुसऱ्या दिवशी मी पाटी लावली, ६० पैसे. चार दिवसांनी त्यानं लावली, ५० पैसे. मी रात्री पेंटरला घरून उठवून आणलं आणि सकाळी कॉलेज भरायच्या आत माझी पाटी लागली होती. झेरॉक्स ४० पैसे फक्त. 'फक्त' हा शब्द मी मुद्दाम लाल रंगात करून घेतला होता.

आता वरचा हिशोब परत बघा. ७५ पैसे दर म्हणजे कॉपीमागे २९ पैसे उरतात. खर्च भागवायला रोज ७०० नाही, जवळपास १,३०० कॉपी लागतात. हे जमण्यासारखं होतं. ६० पैसे म्हणजे उरतात १४ पैसे, रोज २,७०० कॉपी लागतात. माझ्या त्या जुन्या मशीनची तेवढी ताकदच नव्हती. ५० पैसे म्हणजे उरतात ४ पैसे, आणि रोज ९,४०० कॉपी. मशीन रात्रंदिवस चालवलं तरी शक्य नाही. आणि ४० पैसे? कॉपीमागे ६ पैसे खिशातून. इथे कितीही कॉपी काढल्या तरी खर्च निघतच नाही. उलट जितकं जास्त काम तितका जास्त खड्डा.

म्हणजे माझी पहिली रेघ, ६० पैशांची, हीच कड्याच्या पलीकडची होती. तिथूनच मी हवेत चालत होतो. खाली बघितलं नव्हतं एवढंच.

आणि समोरचा? तो ४० वर आलाच नाही. ५० वर थांबला. मला वाटलं, हरला! माझ्याकडे रांग लागायची. परीक्षेच्या आधी मुलं चारशे-चारशे पानांच्या नोट्स घेऊन यायची, मी छाती काढून मशीन चालवायचो. चारशे पानं म्हणजे माझ्या खिशातून २४ रुपये त्या मुलाला देऊन वर धन्यवाद म्हणायचं. तीच मुलं मग रस्ता ओलांडून समोर जायची. बाइंडिंगला, पेनाला, फाइलला. त्याचा नफा तिथे होता. गाळा त्याच्या स्वतःचा होता, भाडं नव्हतं. झेरॉक्स हा त्याच्यासाठी गिऱ्हाईक दुकानात आणायचा बहाणा होता, माझ्यासाठी तो पोटाचा धंदा होता. एकाच रस्त्यावर दोघांची दुकानं, पण कडा फक्त माझ्या बाजूला.

पुढचं लवकर सांगतो. हप्ते थकले. आईनं स्वतःहून तिच्या पाटल्या काढून दिल्या, मी नको म्हणालो नाही. त्या गहाण ठेवून आणखी तीन महिने मी ४० पैशांची पाटी टिकवली. हे वाक्य लिहायला मला पंधरा वर्षं लागली. पाटल्या गहाण ठेवून मी काय टिकवलं, तर पाटी. फेब्रुवारीत मशीन विकलं, साठ हजाराला.

म्हणून तुम्हाला सांगतो, दर लावायच्या आधी तुमचा तळाचा आकडा काढा. एका नगाला खर्च किती, महिन्याचा ठरलेला खर्च किती, आणि या दराला दिवसाला किती नग गेले की बरोबरी होते. पापड असो, ब्लाउज शिवणं असो, वडापाव असो, आकडा निघतो. तो आकडा गल्ल्याच्या आतल्या बाजूला चिकटवा. समोरच्यानं पाटी बदलली की आधी गल्ला उघडून तो आकडा वाचायचा आणि मग ठरवायचं. मी असं म्हणत नाही की दर कधीच कमी करू नका. तुमच्या बाजूला जमीन असेल तर खुशाल पुढे जा. पण पाऊल टाकायच्या आधी खाली बघायची सवय पाहिजे, आणि आपण रागात असताना खाली बघत नाही.

पिस्तूल कुणाच्या हातात?

त्याच फिल्ममध्ये आणखी एक प्रसंग आहे, मला रेघेपेक्षाही जास्त आवडतो. सॅम सशाच्या पायांवर गोळ्या झाडतो आणि त्याला नाचायला लावतो. ससा नाचतो, चांगला टपाटप नाचतो. आणि मधेच, जणू स्टेजवर जोडीदाराला संधी द्यावी तसं, सॅमला म्हणतो, आता तू. आणि सॅम नाचायला लागतो! दोन्ही पिस्तुलं स्वतःकडे, पण नाचतोय दुसऱ्याच्या तालावर. नाचत नाचत खाणीच्या उघड्या खड्ड्यात पडतो.

सॅमची पूर्ण कुंडली या एका प्रसंगात आहे बघा. ताकद त्याची, पण पुढची चाल दरवेळी ससा ठरवतो. सॅम काय करणार हे सशाला आधीच माहीत असतं, कारण सॅमला डिवचलं की तो एकच गोष्ट करतो.

मागे माझ्या बॅचमधल्या एका ताई घरगुती फराळ करायच्या. चकली त्यांची फार सुंदर. एका मोठ्या दुकानदारानं त्यांना दिवाळीची ऑर्डर देताना नुसतं एवढंच म्हटलं, "एवढा मोठा माल तुम्हाला झेपणार नाही, राहू द्या." झालं! ताईंनी तिथल्या तिथे दुप्पट माल कबूल केला, तोही उधारीवर. ॲडव्हान्स मागायचं भान राहिलं नाही, कारण डोक्यात एकच, की मला झेपत नाही म्हणतोय काय! माल गेला, पैसे यायला मे उजाडला. त्या माणसानं फसवलं असं मी म्हणणार नाही, त्यानं पैसे दिले. पण डिवचल्यावर ताई कुठल्या दिशेनं जाणार हे त्याला बरोबर समजलं होतं. पिस्तूल, म्हणजे ती चकली, ताईंच्या हातात होती. दुसरीकडे तशी मिळत नव्हती म्हणून तर तो आला होता.

इथे मात्र सॅमचं बरोबर होतं

आता थोडा आडवळणाचा मुद्दा. १९४९ ची 'हाय डायव्हिंग हेअर'. यात ससा खेळाचा आयोजक आहे. उंच शिडीवरून पाण्याच्या छोट्या टबात उडी मारणारा एक शूर कलाकार येणार म्हणून तो लोकांना बोलावतोय. सॅम या कलाकाराचा चाहता. आनंदानं वेडा होऊन तिकिटं घेतो, आत जाऊन बसतो. आणि ऐन वेळी तार येते, वादळामुळे कलाकार येऊ शकत नाही, उद्या येईल. सॅम पिस्तुलं काढून सशाला सांगतो, मग आता तू उडी मार.

सगळे इथे सॅमला हसतात. मी नाही हसत. अहो, त्यानं पैसे मोजलेत! ज्याची जाहिरात केली तो माणूस आला नाही. चूक आयोजकाची आहे. तुम्ही इव्हेंटचं काम करत असाल, केटरिंग करत असाल, क्लास घेत असाल, तर हा प्रसंग सशाच्या बाजूनं बघा. मुख्य कलाकार, मुख्य आचारी, मुख्य शिक्षक आला नाही तर तुमची तयारी काय? गिऱ्हाईक आवाज चढवायच्या आत तुम्हीच उठून म्हणायचं की पैसे परत घ्या किंवा उद्या याच तिकिटावर या. ससा कार्टूनमधला होता म्हणून निभावला. तुम्ही निभावणार नाही.

पण पुढे काय होतं? सॅम बरोबर होता तोपर्यंत होता. पैसे परत मागण्याऐवजी तो सशाला उडी मारायला लावण्याच्या इरेला पेटला. मग शिडी चढतो, ससा काहीतरी युक्ती करतो, सॅम खाली. परत चढतो, परत खाली. किती वेळा ते मी मोजणं सोडून दिलं. शेवटी ससा फळीला बांधलेला आणि सॅम ती फळी करवतीनं कापतोय. कापून झाल्यावर सशाची फळी हवेत तशीच राहते आणि सॅम उभा असलेली शिडी, मचाण, सगळं कोसळतं. ससा म्हणतो की गुरुत्वाकर्षणाचा नियम मोडलाय खरा, पण आपण कायदा कधी शिकलोच नाही!

बाजूचा माणूस नियम मोडूनही टिकतोय आणि आपण नियम पाळून पडतोय, असं धंद्यात कधी कधी खरंच होतं. बिल न देता विकणारा टिकतो, आपण बिल देतो आणि महाग पडतो. त्रास होतो, मला मान्य आहे. पण त्याची फळी कापायला तुम्ही स्वतःच्या शिडीवर उभे आहात, हे विसरू नका.

उंट

हे दोन ओळींत. १९५५ च्या 'सहारा हेअर'मध्ये सॅम उंटावर बसून येतो. थांब म्हणून ओरडतो, उंट थांबत नाही, मग हा त्याच्या डोक्यात हाणतो. पुढच्या वेळी परत तेच. १९५८ च्या 'नाइटी नाइट बग्ज'मध्ये उंटाऐवजी सर्दी झालेला ड्रॅगन आहे, शिंकला की आग. त्याच्याशीही सॅमचं वागणं तसंच. (या फिल्मला ऑस्कर मिळालं, बग्ज बनीच्या फिल्मला मिळालेलं ते एकमेव.) सॅमनं जनावरं बदलली, पण थांबायला शिकवायचं कसं, हे एकदाही बघितलं नाही. 'आजकाल चांगली पोरं कामाला मिळत नाहीत' असं तुम्ही गेल्या वर्षभरात तीनदा म्हणाला असाल, तर तुम्ही पोरं बदलताय की शिकवताय, ते एकदा बघा.

रागाचं बिल

आता शेवटची फिल्म, १९६० ची 'फ्रॉम हेअर टू एअर'. नावातला 'एअर' म्हणजे वारस. सॅम इथे डाकू नाही, इंग्लंडमधला सरदार आहे, पण खिसा रिकामा. ससा त्याच्याकडे येऊन सांगतो, तुमच्या नातेवाइकाकडून तुम्हाला दहा लाख पौंड मिळणार आहेत, एकच अट. संताप करायचा नाही. प्रत्येक वेळी संतापलात की रक्कम कापली जाणार. आणि ससा वही घेऊन तिथेच मुक्काम ठोकतो.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. ससा खोड्या काढतो, सॅम भडकतो, वहीत वजाबाकी. शेवटी सॅम खरोखरच शिकतो! नोकरांकडून मार खातो आणि तरी शांत राहून दाखवतो, बघा मी किती बदललो. तेव्हा ससा आपल्याकडे बघून हळूच म्हणतो की पैसे केव्हाच संपले, हे याला सांगायचं माझ्या जिवावर येतंय.

मी ही फिल्म पहिल्यांदा बघितली तेव्हा लहान होतो आणि खूप हसलो होतो. दुकान बंद झाल्यावर एकदा परत बघितली तेव्हा नाही हसू आलं.

सॅमला निदान वही ठेवणारा ससा तरी होता. आपल्याला कोण सांगतं की आज रागानं किती गेले? म्हणून माझ्या बॅचमध्ये मी एक वही ठेवायला लावतो. किराणा दुकानात मिळते ती लांबडी लाल वही चालेल. रागात काहीही केलं की रात्री तीन गोष्टी लिहायच्या. कुणावर रागावलो, त्या भरात काय केलं, आणि रुपयांत किती पडलं. शेवटचा रकाना महत्त्वाचा. 'मनस्ताप झाला' असं लिहायचं नाही, आकडा लिहायचा. सप्लायरला फोनवर बोललात आणि त्यानं उधारी बंद केली, तर आता रोखीनं माल घ्यायला किती पैसे अडकले? गिऱ्हाइकाला 'परवडत नसेल तर येऊ नका' म्हणालात, ते महिन्याला कितीचा माल न्यायचं? पोराला गिऱ्हाइकांसमोर बोललात, तो गेला, नवा शिकेपर्यंत किती ऑर्डरी चुकल्या?

मेसचा धंदा करणाऱ्या एका दादांनी तीन महिन्यांची वही मला आणून दाखवली. बेरीज बघून ते म्हणाले, "सर, एवढ्यात मोठा डीप फ्रीजर आला असता." मी काहीच बोललो नाही, चहा मागवला.

माझ्या स्वतःच्या वहीचं पहिलं पान तेव्हा लिहिलेलं नाही, नंतर आठवून लिहिलंय. कुणावर रागावलो : समोरचा. काय केलं : पाटी, ६० पैसे. किती पडले : तिथे आकडा आहे, तो इथे लिहीत नाही. पाटल्या सोडवायला चार वर्षं लागली एवढं सांगतो.

तो समोरचा दुकानदार मला मध्यंतरी एका लग्नात भेटला. पंगतीत शेजारीच बसला. दुकान आता त्याचा मुलगा बघतो म्हणाला. मी विचारलं, तेव्हा ७५ पैशांनी का सुरुवात केली होती? तर म्हणाला, "नवीन होतो हो, कुणी आत येईना. महिनाभर ठेवून परत रुपया करणार होतो." मग भातावर वरण वाढून होईपर्यंत गप्प बसला, आणि म्हणाला, "एक विचारू का? इतकी वर्षं डोक्यात आहे. तुम्हाला ते चाळीसला परवडायचं कसं?"

मी म्हटलं, "नव्हतं परवडत."